हृदयाच्या झडपांचा थ्री-डी इको: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी, हुक्केरी आणि तिकडं भालकी-बिदरपर्यंतचे मराठी पेशंट आणि त्यांची घरची माणसं इकोच्या टेबलापाशी, फोनवर, व्हॉट्सअ‍ॅपवर जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथं एकत्र केलं आहे. कुठलाही प्रश्न सुटा वाचला तरी चालेल. उपचाराचा निर्णय मात्र पेशंटला प्रत्यक्ष तपासणारे डॉक्टरच घेतील. त्यांच्यासमोर बसल्यावर काय विचारायचं हे आधी माहीत असावं, एवढ्यासाठी हा खटाटोप.

१. थ्री-डी इको म्हणजे काय? आमच्याकडं तालुक्याला केला तो इको वेगळा असतो का?

इको म्हणजे आवाजाच्या लहरींनी हृदय बघायची तपासणी. माणसाच्या कानाला ऐकू न येणारा, फार वरच्या पट्टीतला आवाज छातीवर टेकवलेल्या प्रोबमधून (हातात धरायच्या यंत्रातून) छातीत जातो, आतल्या भिंतींवर आपटून परत येतो आणि त्यावरून मशीन चित्र काढतं. स्वीडनमधल्या लुंड इथं इंगे एडलर आणि हेल्मुट हर्ट्झ या दोघांनी १९५३ साली याची सुरुवात केली.

तालुक्याला झाला तो बहुधा टू-डी इको. त्यात एका वेळी हृदयाचा एक पातळ काप दिसतो. डॉक्टर प्रोब फिरवत एकामागून एक काप बघतात आणि झडपेचा आकार मनात जुळवतात. थ्री-डीमध्ये प्रोब एका कापाऐवजी अख्खा ठोकळा टिपतो. साध्या प्रोबमध्ये आवाज सोडणारे आणि टिपणारे साधारण शंभरेक स्फटिक एका ओळीत बसवलेले असतात, थ्री-डीच्या प्रोबमध्ये ते उभ्या-आडव्या रांगांत दोन-तीन हजार असतात. टिपलेला ठोकळा नंतर संगणकावर कुठूनही, कसाही कापून बघता येतो, अगदी पेशंट घरी गेल्यावरसुद्धा. छातीवरून वापरायचे असे प्रोब २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत दवाखान्यांत आले आणि घशातून घालायचा २००७ च्या सुमारास.

२. टू-डीमध्ये सगळं दिसलं म्हणाले. मग परत थ्री-डी कशाला? उगाच खर्च तर नाही ना?

हा प्रश्न विचारायलाच हवा. झडपेची किरकोळ गळती, हृदयाची ताकद बघणं, ब्लड प्रेशरच्या पेशंटची नेहमीची तपासणी, अशा बहुतेक कामांना चांगला टू-डी इको आणि डॉप्लर पुरतो. रक्त किती वेगानं वाहतंय, झडपेच्या अलीकडं-पलीकडं दाबाचा किती फरक आहे, हे डॉप्लरच सांगतं. थ्री-डी आला म्हणून डॉप्लर सुटत नाही.

थ्री-डीची खरी गरज पडते ती झडपेवर काहीतरी करायचं ठरतंय तेव्हा. नळीतून बलून (फुगा) घालून आकसलेली झडप उघडायची का, झडप दुरुस्त होईल का बदलावी लागेल, गळती नेमकी कुठल्या भागातून आहे, बसवलेली कृत्रिम झडप अडकली आहे का, असे प्रश्न असतात. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा: "या तपासणीनं कुठल्या प्रश्नाचं उत्तर मिळणार आहे?" उत्तर नेमकं आलं तर तपासणी करून घ्या. "सगळंच बघून घेऊ" एवढंच उत्तर आलं, तर आधीचा रिपोर्ट घेऊन दुसऱ्या हृदयरोगतज्ज्ञांचं मत घ्यायला काहीच हरकत नाही.

३. हृदयात झडपा किती असतात? सगळ्या थ्री-डीत सारख्याच दिसतात का?

चार. डाव्या बाजूला माइट्रल आणि महाधमनीच्या तोंडाशी असलेली एऑर्टिक, उजव्या बाजूला ट्रायकस्पिड आणि फुप्फुसाकडं जाणाऱ्या धमनीवरची पल्मोनरी. चारही सारख्या दिसत नाहीत.

थ्री-डीत सर्वांत सुरेख दिसते माइट्रल. अन्ननलिका हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्याला अगदी चिकटून जाते, त्यामुळं घशातून घातलेला प्रोब या झडपेच्या पाठीशीच उभा असतो. तिला दोन पाकळ्या असतात, त्या दोऱ्यांनी खालच्या स्नायूंना बांधलेल्या असतात, आणि भोवतीचं कडं सपाट नसून खोगिरासारखं वर-खाली झालेलं असतं. हा आकार १९८० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत रॉबर्ट लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी त्रिमितीत मांडून दाखवला. कडं सपाट धरून एकाच कापावरून "पाकळी वर फुगते" असं निदान त्याआधी पुष्कळ धडधाकट लोकांनाही चिकटत होतं. तुमच्या घरात कुणाच्या फार जुन्या रिपोर्टवर "प्रोलॅप्स" असेल आणि आता डॉक्टर "काही नाही" म्हणत असतील, तर हे त्यामागचं एक कारण असू शकतं.

एऑर्टिक झडप ठीक दिसते, पण तिच्या पाकळ्या पातळ असल्यानं मध्येच गाळलेल्या दिसतात. ट्रायकस्पिडबद्दल प्रश्न १५ मध्ये आहे. पल्मोनरी सर्वांत अवघड. ती छातीच्या हाडाच्या मागं आणि घशापासून लांब असते, तिथं थ्री-डीकडून फार अपेक्षा ठेवू नका.

४. रिपोर्टमध्ये "पी२ फ्लेल" लिहिलंय. हे पी२ काय असतं?

माइट्रलच्या मागच्या पाकळीचे तीन भाग मानतात: पी१, पी२, पी३. त्यांच्या समोर पुढच्या पाकळीचे ए१, ए२, ए३. पी२ म्हणजे मागच्या पाकळीचा मधला भाग. "फ्लेल" म्हणजे त्या भागाला धरून ठेवणारी दोरी तुटली आहे आणि पाकळीची कड वरच्या कप्प्यात उलटी पडते.

थ्री-डीच्या पडद्यावर हे बघण्यासारखं असतं. ऑपरेशन करणारा सर्जन डावा कप्पा उघडून वरून झडपेकडं बघतो, तेच दृश्य चित्रात उभं करतात: महाधमनी वर, घड्याळाच्या बाराच्या जागी, आणि डाव्या कप्प्याची शेपटी (त्या कप्प्याला जोडलेली छोटी पिशवी) नऊच्या बाजूला. हृदय आकुंचन पावलं की मागच्या पाकळीचा मधला भाग फुगून वर येतो आणि त्याच्या टोकाशी तुटलेल्या दोरीचा धागा दर ठोक्याला फडफडताना दिसतो. सर्जन आणि इको करणारे डॉक्टर दोघंही पडद्यावर त्याच जागी बोट ठेवू शकतात. पी२ पुरता बिघाड असेल तर अनुभवी सर्जनच्या हातून झडप दुरुस्त व्हायची शक्यता चांगली असते. स्वतःची झडप राहिली तर धातूच्या झडपेसारखी जन्मभर रक्त पातळ करायची गोळी लागत नाही. शेतावर, कारखान्यात काम करणाऱ्या माणसाला याचं मोल किती आहे ते वेगळं सांगायला नको.

५. बहिणीला लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, आता झडप आकसली म्हणतात. झडपेचं तोंड एका ठिकाणी १.६ सांगितलं, दुसरीकडं १.१. कुणाचं खरं?

हा प्रश्न आमच्याकडं सर्वांत जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

घसा दुखण्याच्या एका प्रकारच्या जंतूंनंतर लहान वयात वाताचा ताप येतो. सांधे बरे होतात, पण माइट्रलच्या पाकळ्या कडेला एकमेकींना चिकटत जातात. बरीच वर्षं गेल्यावर बाई विहिरीवरून पाणी आणताना किंवा बाळंतपणात दमू लागते तेव्हा लक्षात येतं. निरोगी माइट्रल उघडल्यावर तोंड साधारण ४ ते ६ चौरस सेंटिमीटर असतं. आजार झालेल्या झडपेचं तोंड माशाच्या तोंडासारखं चिंचोळं होतं.

आता आकड्यांचा फरक. चिकटलेली झडप नरसाळ्यासारखी होते: वर रुंद, खाली टोकाशी अरुंद. खरं तोंड म्हणजे अगदी टोकाशी असलेलं भोक. टू-डीमध्ये काप थोडा वर लागला किंवा तिरका गेला, की भोक मोठं मोजलं जातं. डॉक्टरांचा हात कितीही चांगला असला तरी झडप तिरकी असेल तर हे होतं. थ्री-डीत ठोकळा आधी टिपतात, मग दोन उभ्या कापांवर नरसाळ्याचं टोक शोधतात, तिसरा काप बरोबर त्या टोकावर आडवा बसवतात आणि झडप सर्वांत जास्त उघडलेली असताना भोकाची कड आखतात. त्यामुळं समजा दोन आकडे आले आणि त्यातला लहान आकडा अशा पद्धतीनं, चांगल्या चित्रावर मोजलेला असेल, तर त्यावर जास्त विश्वास ठेवावा. दोन्ही आकडे टू-डीचेच असतील तर थ्री-डी करून घेणं सार्थकी लागेल.

आणखी एक घोटाळा शब्दांचा असतो. जुन्या मोजपट्टीत १ चौरस सेंटिमीटरच्या खाली गेल्यावर "सिव्हिअर" म्हणत आणि १ ते १.५ ला "मॉडरेट". २०१४ च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांत १.५ आणि त्याखालचं सगळं "सिव्हिअर" धरलं, १ आणि त्याखालचं "व्हेरी सिव्हिअर". आमच्या भागात दोन्ही पद्धतींचे रिपोर्ट फिरतात. एका डॉक्टरनं "मध्यम" आणि दुसऱ्यानं "गंभीर" लिहिलं म्हणून घाबरू नका, आकडा बघा.

६. मग बलून होईल का ऑपरेशनच करावं लागेल?

बलूनची पद्धत जपानच्या कांजी इनोए यांची, १९८४ साली प्रसिद्ध झालेली. जांघेतल्या शिरेतून नळी घालून झडपेत बलून फुगवतात आणि चिकटलेल्या पाकळ्या सोडवतात, छाती उघडावी लागत नाही. पण ती सगळ्यांना चालत नाही. इकोवर चार गोष्टी बघून गुण देतात: पाकळ्या किती हलतात, किती जाड झाल्यात, चुना (कॅल्शियम) किती साठलाय, खालच्या दोऱ्या किती आकसल्यात. प्रत्येकी १ ते ४ गुण. बेरीज ८ किंवा कमी आली तर बलूनचा निकाल साधारण चांगला लागतो.

थ्री-डी इथं बेरजेपलीकडचं एक दाखवतो: पाकळ्यांच्या दोन्ही कोपऱ्यांचे सांधे. दोन्ही कोपरे सारखे चिकटलेले असतील आणि चुना नसेल तर बलूननं ते सुटतात. एका कोपऱ्यात चुन्याचा खडा असेल तर जोर दुसऱ्या, मऊ बाजूला जातो आणि तिथं पाकळी फाटून मोठी गळती होऊ शकते. त्याशिवाय डाव्या कप्प्याच्या शेपटीत रक्ताची गुठळी नाही ना, हे घशातून केलेल्या इकोनं बघावंच लागतं. गुठळी असेल तर रक्त पातळ करायची औषधं देऊन काही आठवडे-महिने थांबतात आणि पुन्हा बघतात. "आजच भरती करा" म्हणणाऱ्या घरच्यांना हे थांबणं जड जातं, पण गुठळी सुटून मेंदूत गेली तर अर्धांगवायू होतो.

बलून झाल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत डॉप्लरवरून काढलेलं क्षेत्रफळ फसवं येऊ शकतं. तेव्हाही थ्री-डीत कड आखून मोजलेला आकडा जास्त कामाचा.

७. छातीवरून करायचा का घशातून? घशातला फार त्रासाचा असतो म्हणे.

पहिली पायरी नेहमी छातीवरून. अंगानं सडपातळ माणसाचं, बरगड्यांमधून चांगली वाट मिळणाऱ्याचं चित्र छातीवरूनही पुरेसं येतं. वजन जास्त असेल, दम्यामुळं छाती फुगलेली असेल किंवा पूर्वी बायपास झालेलं असेल तर आवाज नीट आत जात नाही. मग घशातून, म्हणजे टीईई.

टीईईत बोटाएवढी जाड, वाकणारी नळी तोंडातून अन्ननलिकेत घालतात. आधी घशात बधिरतेचा स्प्रे मारतात, गरजेप्रमाणे गुंगीचं इंजेक्शन देतात. सुरुवातीला नळी गिळताना उमासा येतो, तो भाग सर्वांत नकोसा. नळी खाली गेली की श्वास नाकानं नीट चालू राहतो. साधारण १५ ते ३० मिनिटं लागतात. मोठी इजा क्वचित होते, अन्ननलिकेला भोक पडणं तर दहा हजारांत एखाद्याला. "श्वास कोंडेल" ही भीती लोकांना फार असते. टेबलावर झोपण्याआधी ती सांगून टाका, मग नर्स किंवा डॉक्टर हात धरून थांबतात.

८. टीईईला (घशातून करायच्या इकोला) येताना काय तयारी? कुणाला करत नाहीत?

सहा तास पोटात अन्न नको. चहाही नको, "थोडा दूधाचा" तर नकोच. निपाणी किंवा अथणीहून सकाळची गाडी पकडून येणार असाल तर रात्री लवकर जेवा. कवळी काढून ठेवायची, हलणारा दात असेल तर आधी सांगायचं. तपासणीनंतर घसा सुन्न असेतो, साधारण तासभर, पाणीसुद्धा नाही, नाहीतर ठसका लागून पाणी श्वासनलिकेत जातं. गुंगी दिली असेल तर त्या दिवशी मोटारसायकल चालवायची नाही, म्हणून बरोबर कुणीतरी हवंच.

गिळताना अन्न अडकतं, पूर्वी अन्ननलिकेचं ऑपरेशन किंवा तिथं गाठ, लिव्हरच्या आजारामुळं अन्ननलिकेच्या शिरा फुगलेल्या, नुकतीच रक्ताची उलटी, मानेच्या मणक्याचा गंभीर त्रास: यातलं काहीही असेल तर आधी सांगा. दारू बरीच वर्षं चालू असेल तर तेही सांगा. ती माहिती डॉक्टरांना तुम्हाला जपण्यासाठी लागते, बोल लावायला नाही.

९. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, ती बंद करून यायचं का? आणि शुगरची?

रक्त पातळ करायची गोळी स्वतःच्या मनानं कधीही बंद करायची नाही. नुसत्या टीईईसाठी ती सहसा थांबवावी लागत नाही, फक्त आयएनआरचा, म्हणजे रक्त किती पातळ आहे त्या तपासणीचा, ताजा रिपोर्ट बघतात. कृत्रिम झडपवाल्यांनी तर एक दिवसही चुकवायची नाही. शुगरच्या गोळ्या आणि इन्सुलिन उपाशीपोटी घेतलं तर साखर एकदम खाली येते, म्हणून सकाळचा डोस किती, कधी, हे आदल्या दिवशी फोन करून विचारा आणि आल्याआल्या "शुगर आहे" असं सांगून पहिला नंबर मागा.

१०. "नाडी अनियमित आहे, चित्र तुटक येतंय" असं म्हणाले. म्हणजे मशीन खराब?

मशीन ठीक असतं. मोठा ठोकळा बारकाव्यासह टिपायचा तर मशीन चार-सहा ठोक्यांत थोडा थोडा भाग घेतं आणि ईसीजीच्या आधारानं ते जोडतं. दर ठोका सारख्या अंतरानं पडला तरच जोड बरोबर बसतो. माइट्रलच्या आजारात एट्रियल फिब्रिलेशन पुष्कळदा असतं, त्यात ठोके कसेही पडतात आणि चित्रात पायरीसारखी फट दिसते. पेशंटनं मध्येच श्वास घेतला तरी तसंच होतं, म्हणून "श्वास धरा" म्हणतात.

अशा वेळी एकाच ठोक्यात छोटा ठोकळा घेतात. बारकावा थोडा कमी होतो पण फट येत नाही. मोजमाप दोन-तीन ठोक्यांवर करून सरासरी काढतात. अनियमित नाडी असलेल्याचा रिपोर्ट एकाच मापावर उभा असेल तर "किती ठोक्यांवर मोजलं?" असं विचारणं रास्त आहे.

११. थ्री-डी फोटोत पाकळीला चक्क भोक दिसतंय! पण डॉक्टर म्हणतात भोक नाही.

बहुधा डॉक्टर बरोबर आहेत. पाकळी फार पातळ असेल किंवा आवाज तिच्यावर तिरका पडला, तर तिथून प्रतिध्वनीच परत येत नाही आणि मशीन ती जागा रिकामी सोडतं. चित्राची तीव्रता कमी ठेवली की अशी खोटी भोकं वाढतात, जास्त ठेवली की खरी भोकंही बुजतात. खरं भोक असेल तर त्यातून रक्त जाताना रंगीत डॉप्लरवर दिसतं आणि दुसऱ्या कोनातूनही भोक तिथंच राहतं. जंतुसंसर्गानं पाकळीला खरंच भोक पडू शकतं. ताप चालू असेल, पूर्वी झडपेचा आजार असेल आणि इकोत नवं भोक दिसलं, तर दुसऱ्या कोनातून, टीईईनं खात्री करून घ्यावी.

१२. चित्रात केशरी आणि निळा रंग असतो. निळं म्हणजे अशुद्ध रक्त का?

नाही. थ्री-डीच्या आकाराच्या चित्रात रंग खोली दाखवतात: जवळचा भाग केशरी-तपकिरी, लांबचा निळसर. डॉप्लरच्या रंगीत चित्रात लाल म्हणजे प्रोबकडं येणारं रक्त, निळं म्हणजे प्रोबपासून दूर जाणारं. शुद्ध-अशुद्धाचा संबंध दोन्हीकडं नाही.

१३. सून पाच महिन्यांची गरोदर आहे, तिला झडपेचा त्रास निघाला. थ्री-डी इको चालेल का? बाळाचं लिंग कळतं का त्यात?

चालेल. यात एक्स-रेसारखा किरणोत्सर्ग नसतो. आकसलेल्या माइट्रलमुळं गरोदरपणात फुप्फुसांत पाणी भरू शकतं, त्यामुळं तपासणी टाळण्यात जास्त धोका आहे. फार त्रास असेल तर पाचव्या-सहाव्या महिन्यात पोटावर शिशाचं आवरण ठेवून बलूनही करतात.

हा इको आईच्या हृदयाचा असतो, बाळाचा नाही. आणि लिंग विचारणं, सांगणं दोन्ही १९९४ च्या कायद्यानं गुन्हा आहे.

१४. मुलगा नऊ वर्षांचा आहे, त्याचा होईल का?

छातीवरून होतो, आणि मुलांची छाती पातळ असल्यानं बऱ्याचदा छान दिसतो. घशातून घालायचा थ्री-डी प्रोब बहुतेक ठिकाणी मोठ्यांच्या मापाचाच असतो, लहान चणीच्या मुलांना तो वापरत नाहीत.

मुलाला वाताचा ताप झाला असेल तर इकोपेक्षा मोठी गोष्ट दर तीन आठवड्यांचं पेनिसिलिनचं इंजेक्शन आहे. झडपेवर परिणाम राहिला असेल तर ते निदान दहा वर्षं किंवा वयाच्या ४० पर्यंत, यातलं जे उशिरा संपेल तोवर घ्यावं लागतं, काहींना त्याहूनही पुढं. जत्रा, पीककाढणी, शाळेची परीक्षा यांत तारीख चुकते आणि आजार पुन्हा उसळतो. थ्री-डी इको झालेलं नुकसान दाखवतो, ते होऊ न देणं इंजेक्शनच्या हातात आहे. गावच्या आरोग्य केंद्रात मिळत नसेल तर तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात विचारा आणि कार्डावर तारखा लिहून घ्या.

१५. ट्रायकस्पिडची गळती "सिव्हिअर" आली, पण कुणी काही करत नाही. का?

बऱ्याचदा ही गळती दुय्यम असते: डाव्या बाजूचा आजार किंवा फुप्फुसातला दाब वाढून उजवा कप्पा फुगतो, कडं ताणलं जातं आणि पाकळ्या मध्ये पोचत नाहीत. आधी मूळ कारण हाताळतात. थ्री-डीचा इथं उपयोग हा की ट्रायकस्पिडच्या सगळ्या पाकळ्या एकत्र फक्त त्यातच नीट दिसतात. टू-डीच्या एका कापात सहसा दोनच येतात, आणि कुठल्या दोन यावर तज्ज्ञांचेही मतभेद होतात. नावात तीन असल्या तरी काही लोकांना चार पाकळ्याही असतात. डाव्या झडपेचं ऑपरेशन ठरलं असेल तर "ट्रायकस्पिडचं कडंही त्याच वेळी आवळणार का?" हे सर्जनना जरूर विचारा.

१६. वडील ७६ वर्षांचे, एऑर्टिक झडप चुन्यानं जाम झाली आहे. जांघेतून झडप बसवायची म्हणतात. थ्री-डी इको झालाय, तरी सीटी सांगितला. का?

कारण जांघेतून बसवायच्या झडपेचं माप मुख्यतः सीटीवरून ठरतं. झडपेचं कडं लंबगोल असतं, चुना कुठं किती आहे, पायाच्या धमन्या नळी जाण्याइतक्या रुंद आहेत का, हृदयाच्या धमन्यांची तोंडं किती उंचीवर आहेत, हे सीटीत एकत्र कळतं. किडनी कमजोर असून सीटीसाठी शिरेतून द्यायचं रंगद्रव्य देता येत नसेल, तर घशातून केलेला थ्री-डी इको कड्याचं माप द्यायला पुढं येतो.

तरुण माणसात एऑर्टिक आकसलेली निघाली तर तीनऐवजी दोनच पाकळ्या जन्मतः असण्याची शक्यता बघतात. शंभरात एक-दोघांना असतं. अशा पेशंटची महाधमनीही फुगू शकते. रक्ताच्या नात्यातल्यांचाही एकदा साधा इको करून घ्या.

१७. धातूची झडप बसवलेली आहे. थ्री-डीत ती दिसते का?

माइट्रलच्या जागची धातूची झडप घशातून सुंदर दिसते: दोन्ही तबकड्या उघडतात का, एक अडकली आहे का, शिवण सुटून कडेनं गळती आहे का आणि ती घड्याळाच्या कितव्या आकड्यापाशी आहे. बाजूची गळती बुजवायला नळीतून जाळीचं बूच घालायचं असेल तर भोकाचा आकार आणि जागा थ्री-डीतच कळते. छातीवरून मात्र धातूची सावली पडून मागचा भाग काळा होतो. एऑर्टिकच्या जागच्या धातूच्या झडपेचं चित्र तर घशातूनही अर्धवट येतं, तेव्हा तबकड्यांची हालचाल बघायला एक्स-रेचं फ्लुरोस्कोपी वापरतात.

झडपेचा "टिक टिक" आवाज अचानक बंद किंवा मंद झाला, एकाएकी दम लागला, तर इकोची तारीख मिळायची वाट बघू नका, त्याच घटकेला जवळच्या मोठ्या दवाखान्यात जा.

१८. आमच्या भागात कुठं जायचं? योजनेत बसतं का?

निपाणीकर सहसा कोल्हापूरला जातात, कागवाड-अथणीकडचे मिरज-सांगलीला, खानापूर आणि बेळगाव परिसर बेळगावातच, काही हुबळी-धारवाडला. निघण्याआधी फोन करून दोन गोष्टी विचारा: घशातून थ्री-डी करायचा प्रोब आहे का, आणि तो वापरणारे डॉक्टर त्या दिवशी असतील का. मशीन असूनही दर दिवशी ते होत नाही, आणि नुसतं हेलपाटं पडतं. बलूनची कामं मोठ्या संख्येनं करणारी सरकारी संस्था म्हणजे बंगळूरचं जयदेव. बिदर-भालकीकरांना तिची कलबुर्गीची शाखा जवळ पडते.

कर्नाटकात आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, एपीएलना पॅकेजच्या ३० टक्के, वर्षाला दीड लाखाच्या मर्यादेत मदत मिळते. ठरवून करायच्या उपचाराला सरकारी दवाखान्याचं रेफरल लागतं, म्हणून आधी तालुका किंवा जिल्हा रुग्णालयातून कागद घ्या. योजना मुख्यतः बलून, ऑपरेशन अशा उपचारांना लागू होतात, ओपीडीतल्या नुसत्या इकोचे पैसे बहुतेक वेळा खिशातून जातात.

महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना लागू करायचं ठरवलं, त्यावर कर्नाटक सरकारनं हरकत घेतली. त्या योजनेच्या भरवशावर जाणार असाल तर भरती होण्याआधी त्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राकडून तुमच्या गावाचं नाव आणि लागणारे कागद पक्के करून घ्या. राजकारण कुठंही जावो, पेशंट दोन्ही खिडक्यांमधून परत येता कामा नये.

१९. इको बेळगावात झाला, ऑपरेशन कोल्हापूरला ठरलं. तिथं परत इको करायला सांगतात. हे टाळता येईल का?

बऱ्याच अंशी येईल. कागदी रिपोर्ट आणि चार छापील फोटो दुसऱ्या सर्जनना पुरत नाहीत. तुम्ही मागायची ती सीडी किंवा पेनड्राइव्ह, आणि त्यात हलती चित्रं हवीत. त्यातही थ्री-डीचा मूळ ठोकळा, म्हणजे कच्चा डेटा, द्या असं स्पष्ट सांगा. पडद्यावरचा तयार व्हिडिओ फक्त बघता येतो. कच्चा डेटा असेल तर पुढच्या दवाखान्यातले डॉक्टर तो स्वतः नव्यानं कापून, फिरवून मोजू शकतात, फक्त त्यांच्याकडं ती फाइल उघडणारं सॉफ्टवेअर हवं. मागायची वेळ तपासणीच्या दिवशीच. काही महिन्यांनी मोठ्या फाइली मशीनवरून काढून टाकल्या जातात.

सर्जन तरीही ऑपरेशनच्या टेबलावर टीईई करून घेतीलच. तो दुरुस्ती नीट झाली का बघायला असतो, त्यावर वाद घालू नका.

२०. रिपोर्ट इंग्रजीत, दवाखान्याचे अर्ज कन्नडमध्ये. आम्ही त्यात काय बघायचं?

रिपोर्टच्या शेवटी "इम्प्रेशन" असतं, ते वाचून घ्या. चार गोष्टी मराठीत वहीत लिहून मागा: कुठली झडप, आकसली का गळते, किती प्रमाणात, आणि हृदयाची ताकद किती टक्के. माइट्रल आकसली असेल तर क्षेत्रफळाचा आकडा आणि तो कशावरून मोजला तेही. अर्जाच्या बाबतीत दवाखान्यातल्या मदत खिडकीवर मराठी जाणणारा माणूस मागायला संकोच करू नका. न कळलेल्या संमतिपत्रावर सही करू नका.

२१. थ्री-डीत झडप बरी निघाली, तरी अक्काला जिना चढताना धाप लागते. मग काय?

थ्री-डी आकार दाखवतो, तोही पेशंट निवांत झोपलेला असताना. काही झडपांची गळती झोपून कमी आणि चालताना जास्त असते. आकसलेल्या माइट्रलमध्येही नाडी वाढली की दाब वाढतो. लक्षणं आणि इको जुळत नसतील तर चालवून किंवा सायकल मारायला लावून लगेच इको करतात. त्याआधी हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि फुप्फुसांची तपासणी करून घ्या. आमच्याकडं बायकांमध्ये रक्त कमी असणं इतकं नेहमीचं आहे की झडपेमागं लागून तेच बघायचं राहून जातं. पायाला सूज, रात्री झोपेतून उठून बसावं लागणं, छातीत धडधड किंवा चक्कर येऊन पडणं यातलं काही असेल, तर थ्री-डी बरा आला असला तरी अक्कांना त्याच आठवड्यात हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा, आणि जुने सगळे इको तारखेनं लावून बरोबर न्या.